गलबत लॉजचा जिना

"सर, तुम्ही आम्हाला मारता तेव्हा तुमचा हात दुखतो का?"

विचारलं मी! खरंच विचारलं. ताटावरून उठून, हातात सोलकढीचा पेला धरून, अख्ख्या टीमसमोर.

पैज नाझनीनची होती. "लई कॅप्टन झालीयास ना, मग हे विचारून दाखव. माझ्या ताटातली सुरमई तुझी," असं ती माझ्या कानात म्हणाली होती. पण सुरमईच्या तुकडीसाठी मी उठले असं कुणी समजू नये. त्या दिवसांत मी कशालाच तयार असायचे. नववीत होते. (आता बारावीत आहे, म्हणजे तीन वर्षं झाली.) जूनपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा घसा खाकरणारी वैभवी पोवार होते. मग हारूगडे सरांनी मला कबड्डीच्या मैदानात ओढलं, डाव्या कोपऱ्यात उभं केलं, आणि दिवाळीपर्यंत मी शाळेच्या टीमची कॅप्टन झाले. मांड्या दगडासारख्या झाल्या, आवाज फुटला. आजऱ्याच्या बाजारात गर्दीतून चालताना आधी मी बाजूला व्हायचे, आता समोरचा व्हायला लागला.

तर, सगळ्यांचे घास हातातच राहिले. लॉजच्या व्हरांड्याखालच्या भिंतीवर समुद्र धडाधड आपटत होता, तेवढाच आवाज.

सरांनी स्वतःचा उजवा तळहात उलटापालटा करून बघितला. मग ते असे गडगडून हसले की शेजारच्या टेबलावरचं मुंबईचं कुटुंब दचकलं.

"दुखतो की गं. गाल बारा आणि हात एक. दुखणार नाही तर काय?"

आम्ही पण हसलो. मी सगळ्यांत जास्त.

"बरं झालं विचारलंस," सर म्हणाले. "उद्यापासून प्रसाद तू वाटायचास. कॅप्टन आहेस ना? जिनं घाण केली तिला तुझ्या हातचा. माझ्या हाताला सुट्टी."

प्रसाद म्हणजे थप्पड. मॅच हरली की आम्ही ओळीत उभ्या राहायचो आणि सर एकेकीला एकेक द्यायचे. कुणाचा राग वगैरे नसायचा त्यात, निदान आम्हाला तसं वाटायचं. सर वाईट नव्हते. पाय मुरगळला तर रात्रभर मिठाच्या पाण्यानं शेकणारे, शाळेच्या वेळेआधी पहाटे मैदान झाडून ठेवणारे. पप्पा तर त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सर, काय पण करा, मारा, झोडा. पण पोरगी राज्याला खेळली पाहिजे." पप्पा स्वतः तालुक्याच्या पुढं कधी गेले नव्हते.

आणि आता प्रसाद माझ्या हातात आला होता! मला काय वाटलं ते खोटं सांगण्यात अर्थ नाही. मला मान मिळाल्यासारखं वाटलं. मी नाझनीनच्या ताटातली सुरमई उचलली आणि काट्यासकट खाल्ली.

*

कबड्डीच्या स्पर्धेसाठी आम्ही रत्नागिरीत उतरलो होतो ते मांडवीच्या किनाऱ्यावर, गलबत लॉजमध्ये. स्पर्धावाल्यांनी ज्या शाळेत सोय केली होती तिथल्या नळाला पाणीच नव्हतं, म्हणून सरांनी कुणाच्या तरी ओळखीतून इथं आणलं. सोबत यायच्या बाई आयत्या वेळी आजारी पडल्या, त्यामुळं आमच्यावर लक्ष ठेवायचं काम लॉजच्या मालकीणबाईंकडं आलं, शेवंतीताई मयेकरांकडं.

काय जागा होती! खाली जांभ्याचे चिरे आणि वर सगळं लाकूड, तेही जुन्या होड्यांचं. शेवंतीताईंच्या नवऱ्यानं मोडीत निघालेल्या होड्या विकत घेऊन त्यांच्या फळ्यांनी हे उभारलं होतं. ते वारून सात वर्षं झाली होती. छताला जाळी, भिंतीवर वल्ही, कंदील, नांगराचा दोरखंड. खोल्यांना नंबर नव्हते, नावं होती. सर 'पापलेट'मध्ये, आम्ही बारा जणी 'बांगडा' आणि 'तारली'मध्ये. वर जायला व्हरांड्यातूनच एक रुंद लाकडी जिना होता. इतका देखणा की मुंबईचे लोक त्याच्यावर बसून फोटो काढायचे.

शेवंतीताईंना आमची भाषा ऐकून हसू आवरायचं नाही. आमच्याकडं पोरीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात.

"काय गो, पोरी आसून 'जेवलो' काय म्हणताव?" त्या म्हणायच्या, आणि आणखी भात वाढायच्या.

त्या संध्याकाळी 'बांगडा'त आम्ही एक नवा शोध लावला. टाळीची थप्पड! मी हात जोरात फिरवायचा, गालाच्या जवळून नुसता न्यायचा, आणि त्याच क्षणाला समोरचीनं पोटाजवळ टाळी वाजवून मान झटकायची. आवाज एकदम खरा यायचा.

"चुकलं! टाळी उशिरा वाजली," मी म्हणायचे.

"तुझा हात लवकर आला," नाझनीन म्हणायची.

सगळ्यांत छान कस्तुरीला जमायचं. कस्तुरी गुरव सातवीतली, टीममधली सगळ्यांत लहान. चिमणीएवढी, पण पकड मगरीची. मैदानात ती माझ्या शेजारी उभी राहायची आणि तिचा डावा हात माझ्या उजव्या हातात असायचा. कबड्डीत याला साखळी म्हणतात. कोपरा आणि शेजारची, दोघींनी हात धरून चढाईवालीवर एकत्र तुटून पडायचं. हात सुटला की मेलो. कस्तुरीचा हात पाच महिन्यांत एकदाही सुटला नव्हता. ती मान अशी झटकायची की बघणारीला स्वतःच्या गालाला हात लावावासा वाटायचा.

"काय गो, आरत्या चालल्यात काय?" शेवंतीताईंनी खालून हाक मारली. "टाळ्या कसल्या गो एवढ्या?"

आम्ही तोंडात चादरी कोंबून हसलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळची मॅच जिंकलो. दुपारी चिपळूणच्या एका टीमशी हरलो.

त्यांची एक उंच चढाईवाली होती. ती लाथ मारायची ती नियमात बसणारी मारायची, पण मारायची. नाझनीनच्या ओठातून रक्त आलं. माझ्या बरगडीत तिचा गुडघा बसला. कस्तुरी एकदा खाली कोसळली आणि तिच्या हातावर कुणाचा तरी पाय पडला. ती उठली, हात झटकला, परत उभी राहिली. मी ओरडले, "शाबास!" नऊ गुणांनी हरलो.

लॉजच्या मागं समुद्राकडं तोंड करून एक ओटा होता. सर तिथं खुर्ची टाकून बसले. आम्ही ओळीत उभ्या राहिलो.

"वाट," सर म्हणाले.

मी वाटला. एकेकीसमोर उभी राहिले, हात फिरवला, टाळी वाजली, मान झटकली. अकरा वेळा. कस्तुरीची टाळी मात्र त्या दिवशी फुसकी निघाली, म्हणून मीच दुसऱ्या हातानं मांडीवर चापट मारून वेळ निभावली. मला हसू दाबता येत नव्हतं.

सरांनी चहा संपवला. मग उठले, ओळीतून एकेकीची हनुवटी वर करत गेले.

"बोटं कुठं उमटलीत?" ते म्हणाले.

नाझनीननं पटकन गाल चोळला.

"मला येडं समजता? मी पण शाळेत नाटकात काम केलंय." ते माझ्यासमोर आले. "तू या अकरा जणींची कॅप्टन. त्यांचं तू घेणार का?"

मला अजून वाटत होतं की ही गंमत आहे. मी म्हटलं, "घेते सर."

पहिली बसली तेव्हा डोळ्यांपुढं पांढरं झालं. दुसरीला मी एक पाय मागं गेले. "जागेवर," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मोजत होते, हजेरी घेतात तसं नाव घेऊन. "नाझनीन." थप्पड. "सिद्धी." थप्पड. डावा गाल, उजवा गाल. पाचवीनंतर मला कुठला गाल ते कळायचं थांबलं. तोंडात लोखंडासारखी चव आली. समुद्र भिंतीवर आपटायचा आणि त्याचं पाणी उडून आमच्या पायांवर यायचं, तेवढं मात्र कळत होतं. शेवटचं नाव कस्तुरीचं होतं. ती मोठमोठ्यानं रडत होती. "सर, मला मारा, सर, माझं मला मारा," म्हणत होती.

"कस्तुरी," सर म्हणाले, आणि अकरावी दिली.

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मैदानात दया दाखवलीस तर समोरची तुझी मान मोडंल. उद्या खरा प्रसाद वाटायचा. राज्याच्या शिबिराला तुझं नाव पाठवलंय मी. कशासाठी पाठवलंय? तू दगड आहेस म्हणून."

मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. राग आला तो त्या अकरा जणींचा. माझ्या गालावर अकरा जणींचं होतं आणि त्या मात्र रात्री आरामात भात खात होत्या, असं मला वाटत राहिलं. कस्तुरी माझ्याजवळ बर्फ घेऊन आली तर मी म्हटलं, "जा तिकडं. टाळी वाजवता येत नाही आणि बर्फ आणतीय."

ती गेली. डावा हात तिनं फ्रॉकच्या खिशात घातला होता. ते मला दिसलं होतं.

*

एक मॅच हरूनही आम्ही गटातून पुढं गेलो होतो. तिसऱ्या दिवशी बाद फेरी. हरलेली टीम घरी. समोर राजापूरची टीम, आणि आम्ही जीव खाऊन खेळलो. माझा चेहरा सुजून एवढा झाला होता की पंचांनी विचारलं, "हिला काय झालंय?" सर म्हणाले, "कालच्या मॅचचं." मी मान हलवली.

शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते. त्यांची शेवटची चढाई. ती आत आली, माझ्या कोपऱ्याकडं वळली. मी कस्तुरीचा हात घट्ट दाबला. आमची ती खूण होती. दाबला की निघायचं. मी निघाले.

आणि हात सुटला.

मी एकटीच त्या पोरीच्या अंगावर गेले. ती माझ्या खांद्यावरून उडी मारून गेली, जाता जाता मला आणि कस्तुरीला दोघींना शिवून. शिट्टी वाजली. राजापूरच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडून किंचाळायला लागल्या. मी तिथंच मातीत तोंड घालून पडले होते. वर बघितलं तर कस्तुरी उभी होती. तिचा हात तिच्या छातीशी होता.

रिक्षातून आम्ही लॉजवर आलो. शेवंतीताई मासळी आणायला गेल्या होत्या, मुंबईचं कुटुंब निघून गेलं होतं. लॉजमध्ये कुणी नव्हतं. सर ओट्यावर गेले, पण खुर्चीत बसले नाहीत. समुद्राकडं तोंड करून उभे राहिले, आमच्याकडं पाठ. मला वाटतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय करायचं ते कर," ते न वळता म्हणाले.

सर बघत नव्हते. हे मी स्वतःला तीन वर्षांत कितीदा तरी सांगितलंय. सर बघत नव्हते. टाळी चालली असती. हात गालाजवळून नुसता नेला असता तरी चाललं असतं.

मी ओळीच्या सुरुवातीला गेलेच नाही. सरळ कस्तुरीसमोर उभी राहिले.

"सोडलास का हात?"

"वैभूदीदी..."

"सोडलास का?"

तिनं टाळीसाठी हात वर आणले. तिला वाटलं, मी तसंच करणार. तिनं मानही थोडी तयार ठेवली. आणि मी कंबरेपासून फिरून, चढाईवालीला आडवी करताना लावते तेवढी ताकद लावून, तिच्या कानशिलात मारली.

टाळी वाजलीच नाही. ती बाजूला फेकली गेली आणि ओट्याच्या चिऱ्यांवर बसली. रडली नाही. इकडंतिकडं बघायला लागली, कुणीतरी हाक मारली आणि कुठून ते कळत नाही, तशी. मग तिच्या कानातून रक्ताची बारीक रेघ निघाली आणि गळ्यावरून कॉलरपर्यंत आली.

"वैभ्या, काय केलंस गं हे?" नाझनीन म्हणाली.

सर वळले. त्यांचा चेहरा एका क्षणात म्हातारा झाला. त्यांनी कस्तुरीला उचललं आणि पळत सुटले.

*

रिक्षात कस्तुरी माझ्या आणि सरांच्या मधे होती. तिचा डावा हात माझ्या मांडीवर पडला होता, आणि तेव्हा मला दिसलं. करंगळी आणि शेजारचं बोट तिनं केसांच्या रबरानं एकत्र बांधलं होतं. करंगळी काळीनिळी, वांग्यासारखी सुजलेली, आणि वाकू नये त्या बाजूला वाकलेली.

"हे कधी झालं?" मी तिच्या चांगल्या कानाशी विचारलं.

"काल. चिपळूणची मॅच."

मोडलेलं बोट. तोच हात मी अख्खी मॅच धरला होता. निघायची खूण म्हणून दाबत होते. दर चढाईला.

"सांगितलं का नाहीस मला?"

ती बोटावरच्या रबराकडं बघत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही.

"आधी सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता तू सरांची झालीस न्हवं."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं. कानाचा पडदा फाटला होता. भरून येईल कदाचित, म्हणाले, किंवा ऑपरेशन लागेल. बोटाला प्लास्टर. "कशानं झालं?"

"जिन्यावरनं पडली," सर म्हणाले. इतक्या चटकन की मलाच क्षणभर खरं वाटलं. "लॉजचा लाकडी जिना आहे. ओला होता."

कान आणि बोट, दोन्हीला जिना पुरला. हॉस्पिटलातल्या पोलीस बाईंनी लिहून घेतलं. "तू पडलीस का गं?" त्यांनी कस्तुरीला विचारलं.

कस्तुरीनं सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"व्हय. जिन्यावरनं पडलो मी."

"सोबत कोण होतं?"

"ही कॅप्टन," सरांनी मला पुढं केलं.

पोलीस बाईंनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "उद्या दुपारी तीनला लॉजवर येते. जिना बघते आणि हिचा जबाब घेते."

बाहेर कॉरिडॉरमध्ये सरांनी मला भिंतीशी घेतलं. "बारा जणी, एक जिना. ध्यानात ठेव. मी स्वतःसाठी सांगत नाही, पोरी. मारहाण म्हणून तुझं नाव कागदावर आलं तर शिबिर संपलं, कबड्डी संपली. मी तुला वाचवतोय."

ते खरंच वाचवत होते. तेच तर अवघड होतं.

संध्याकाळी लॉजवर परत आले तर शेवंतीताई जिन्यावर गुडघे टेकून बसल्या होत्या. नारळाच्या काथ्यानं एकेक पायरी घासत होत्या. कोरडा ठणठणीत जिना.

"दव पडला असंल गो," त्या म्हणाल्या. वर बघितलं नाही. "नायतर मासळीचा पाणी सांडला असंल माझ्याच हातून. ह्यांनी बांधल्यापासून हय कोण पडला नव्हता. एवढासा पोर... आवशीला काय तोंड दाखवू मी तिच्या?"

"ताई, तुम्ही जेवलात का?" एवढंच मला विचारता आलं.

"नाय गो बाय. घास उतरत नाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मम्मी-पप्पा आले. भाड्याच्या जीपमधून, कस्तुरीच्या आईला घेऊन. तिला त्यांनी आधी हॉस्पिटलात सोडलं, सर तिच्यापाशी थांबले, आणि हे दोघं लॉजवर आले. पप्पा जीपमधून उतरले तेच बाह्या सरसावत. आमचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, पप्पांचे दंड बघूनच गिऱ्हाईक घासाघीस सोडतं.

मम्मीनं माझी हनुवटी धरली. "तुझं तोंड कशानं सुजलंय?"

"मॅचमध्ये लागलं."

"दोन्ही गालांना?"

मी मान सोडवायला बघितली. मम्मीनं हनुवटी सोडली नाही.

"कुठं हाय त्यो जिना?" पप्पांनी आरोळी ठोकली.

शेवंतीताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी नुसतं बोट केलं. पप्पा जिन्याशी गेले. पहिल्या पायरीवर बूट आपटला. दुसरीवर. तिसरीवर. सगळा जिना असा तपासत वर गेले, आपटत खाली आले. एक पायरी हलली नाही. एक फळी कुरकुरली नाही. दोष सापडला असता तर पप्पा कदाचित शांत झाले असते. सापडला नाही म्हणून ते आणखी भडकले.

"लहान पोरं ठेवताय आणि असला जिना? कान गेला त्या पोरीचा! उद्या माझी पडली असती म्हणजे? बंद पाडतो तुमचं लॉज. सर तर फोनवर म्हणालेच, तक्रार करूया, मी आजच करतो."

"माझी चूक झाली, दादा," शेवंतीताई म्हणाल्या.

"चूक?"

भिंतीवर दोन वल्ही आडवी टांगली होती. पप्पांनी एक ओढून काढलं, खिळ्यासकट. पहिला तडाखा कठड्यावर बसला आणि अख्खं लॉज हादरलं. 'बांगडा'तून पोरी बाहेर धावल्या आणि वरच थिजल्या. दुसऱ्या तडाख्याला कठड्याचा एक दांडा तुटून समुद्राकडं उडाला. तिसऱ्याला दोन. पप्पा दात खाऊन मारत होते आणि प्रत्येक घावाला ओरडत होते, "पोरीचा कान! पोरीचा कान!" लाकडाच्या ढलप्या शेवंतीताईंच्या पायाशी येऊन पडत होत्या. ट्रेमधले कप खुळखुळत होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला नाही आणि पप्पांना अडवलंही नाही.

"फोडा," त्या म्हणाल्या. "माझ्या जिन्यानं पोरीचा कान नेला. फोडा तुम्ही."

मी धावले. मम्मीनं मागून माझी वेणी धरली, वेणी ताणली गेली, मी तशीच गेले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन पप्पांच्या समोर उभी राहिले. वल्हं उगारलेलं होतं. ते माझ्या कानाच्या बाजूनं सूं करत खाली आलं आणि पायरीत रुतलं. पप्पा पांढरे पडले.

"मरायचंय का तुला?"

"ह्या जिन्यानं काही केलं नाही, पप्पा."

"बाजूला हो."

"वैभू, खाली ये," मम्मी म्हणाली. एकदम हळू म्हणाली. तिला कळलं होतं. ती माझ्या गालांकडं बघत होती आणि तिला काहीतरी कळलं होतं. "खाली ये आणि गप्प बस. शिबिर हाय तुझं. आपण घरी जाऊन बोलू."

वरून नाझनीन आणि सगळ्या बघत होत्या. माझा आवाज फुटला. आधी घसासुद्धा खाकरावा लागला नाही.

"घरी नाही, इथंच सांगते. कस्तुरी पडली नाही. तिला मी मारलं. बोट मोडलेलं होतं तिचं, तरी खेळली, आणि तिच्या हातून साखळी सुटली म्हणून मी तिच्या कानाखाली वाजवली. सरांनी मला मारायला सांगितलं होतं. पण तेव्हा सर बघत नव्हते. मला मारायचं होतं म्हणून मी मारलं."

पप्पांच्या हातातून वल्हं सुटलं. ते पायऱ्यांवरून गडगडत शेवंतीताईंच्या पायाशी जाऊन थांबलं. पप्पांनी तोंड उघडलं, पण मी त्यांना बोलू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"तीनला पोलीस बाई येणार आहेत. मी जिन्याचं नाव घेणार नाही. सरांनी काय काय केलं ते लिहून देणार आणि मी काय केलं तेपण लिहून देणार. दोन्ही. शिबिर गेलं तर गेलं. पण त्याच्या आधी मी हॉस्पिटलात जाऊन कस्तुरीच्या आईला सांगणार आहे, सरांच्या समोर. माझं ठरलंय. जीप काढताय, का मी चालत जाऊ?"